रिंगधुऱ्याची घंटा

मे महिन्यात दिल्लीत माणसं स्वयंपाकघरात पाय ठेवायला घाबरतात. आमच्या मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये मात्र त्याच दिवसांत भाजणीचा वास दाटलेला असायचा. बाहेर लू वाहत असायची आणि आई लोखंडी कढईसमोर उभी राहून तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे असं एकेक वेगवेगळं भाजत असायची, कारण बाबांना हिमालयात थालीपीठ लागायचं. थालीपीठ, मेतकूट, लसणाची कोरडी चटणी आणि गूळपापडीच्या वड्या. खालच्या मार्केटातल्या चक्कीवाल्याला दर वर्षी नव्याने सांगावं लागायचं, की हे मक्यावर दळू नकोस, गव्हावर दळ. तो डब्यात डोकावून विचारायचा, "भाभीजी, ये खिचड़ी आटा फिर? साहब पहाड़ जा रहे हैं?" आई पदराने कपाळ पुसत म्हणायची, "हां भैया. बारीक मत करना." बाबांच्या त्या प्रवासाबद्दल तिच्या तोंडून वर्षभरात एवढंच काय ते निघायचं.

दुसरी खूण म्हणजे स्टोव्हचा आवाज. निघायच्या आधी आठ दिवस बाबा बाल्कनीत बसून रॉकेलचा पितळी स्टोव्ह पेटवून बघायचे. पंप मारायचे, पिन घालायचे, पुन्हा पंप मारायचे. तो भर्रभर्र करायला लागला की घरातलं बोलणं आपोआप बंद पडायचं. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते आणि घरातही ते थोडेफार सेक्शन ऑफिसरच असायचे. कधी ओरडले नाहीत, हात तर कधीच उगारला नाही. आमटीत मीठ कमी पडलं तर ताट चार बोटं पुढे सरकवायचे, एवढंच. आई ते ताट उचलायची आणि मी माझ्या ताटात बघत जेवायची. मी त्यांची एकुलती एक. माझ्याकडे त्या दिवसांत एक मानाचं काम असायचं, त्यांच्या बुटांना मेण चोळायचं. खास शिवून घेतलेले, जाड चामड्याचे, घोट्याच्या वर येणारे बूट होते ते. त्यांच्या तळव्यांवरच्या खाचांच्या कडा इतक्या वर्षांनंतरही बोटांना टोचायच्या. मला वाटायचं, बाबा वस्तू किती जपून वापरतात.

मला त्यांच्याबरोबर जायचं होतं. लहानपणापासून दुसरं काही हवं होतं असं मला आठवत नाही. रिंगधुरा नावाची एक खिंड होती कुमाऊँमध्ये, बर्फाची, आणि बाबा दर वर्षी ती चढून यायचे. आम्ही आधी तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो, तेव्हापासून दर रविवारी सकाळी बाबा पाठीवर वजन घेऊन रिजच्या टेकडीवर हिंदूरावच्या चढाला सराव करायला जायचे. मयूर विहारला आल्यावर दोन बस बदलून जायला लागले, पण गेले. "हा हिंदूराव आपला माणूस, ग्वाल्हेरकडचा," असं प्रत्येक वेळी सांगायचे, जणू तो चढ आमच्या मालकीचा होता. मीही जायचे. माझ्या सॅकमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या विटा, त्यांच्या सॅकमध्ये बटाटे. तिथल्या हॉस्पिटलच्या फाटकापाशी पेशंटचे नातेवाईक डबे उघडून बसलेले असायचे. ते आमच्याकडे टकामका बघायचे आणि एखादी बाई विचारायची, "बेटा, ये सामान कहाँ पहुँचाना है?" बाबा म्हणायचे, वीस किलो घेऊन न थांबता वर आलीस की नेईन. मी पंधराव्या वर्षी आले. तेव्हा ते म्हणाले, "बिल्कुल ठीक. पण वर हवा विरळ असते, पंचवीस करून बघू." मी अठराव्या वर्षी पंचवीस केले. तेव्हा म्हणाले, "त्या उंचीवर मुलींना त्रास होतो गं. बघू पुढच्या वर्षी."

गणपतीत मराठी मंडळाच्या हॉलमध्ये त्यांचं भाषण असायचं. पांढरी चादर ताणून बांधायची, प्रोजेक्टर लावायचा आणि बाबा एकेक स्लाइड पुढे सरकवत बोलायचे. घरी दिवसाला वीस वाक्यं न बोलणारा माणूस तिथे तासभर बोलायचा. शेवटची चढण कशी असते, दहा पावलं टाकायची आणि थांबायचं, पुन्हा दहा पावलं. डोळ्यांच्या पापण्यांवर बर्फ जमतो. आणि मग खिंडीच्या माथ्यावर दगडांची रास, तिच्यावर लोखंडी दांड्याला टांगलेली घंटा. जो पोचेल त्याने वाजवायची. इथे बाबा थांबायचे, हवेत हात वर करायचे आणि तोंडाने तिचा आवाज काढायचे, लांब, विरत जाणारा. हॉलमधली पोरंटोरं गप्प व्हायची. स्लाइडमध्ये बाबा स्वतः कधी नसायचे. फोटो काढणारा फोटोत कसा असेल, असं ते म्हणायचे आणि लोक हसायचे.

बाबा हिमालयात गेल्यावर मागे आमच्या घराचं काय व्हायचं, ते तेव्हा माझ्या लक्षात येत नव्हतं. आता नोएडातल्या बाराव्या मजल्यावर एकटी बसून सगळं पुन्हा मांडते तेव्हा लख्ख दिसतं. आई सातपर्यंत झोपायची. रेडिओ दिवसभर चालू. समोरच्या बंगाली काकी चहाला यायच्या आणि जेवणाच्या वेळेपर्यंत उठायच्या नाहीत. रात्रीला नुसते दहीपोहे, तेही बाल्कनीत बसून. आई केस मोकळे सोडून फिरायची. पंचवीस दिवसांनी बाबा काळवंडलेले, दाढी वाढलेले परत यायचे आणि पुन्हा ताट चार बोटं पुढे सरकायला लागायचं. आई त्यांचे बूट धुवायची, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवायची आणि माळ्यावर टाकायची. मी मात्र ते पंचवीस दिवस कॅलेंडरवर फुल्या मारत काढायचे.

मी एमएच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मार्चमधल्या एका रविवारी बाबा हिंदूरावच्या चढावरच वारले. सकाळचे आठ वाजले होते. ते कठड्यावर टेकले, "जरा थांबू," म्हणाले. याआधी त्यांनी मला तो शब्द कधी वापरू दिला नव्हता. मी पाठीवरची सॅक उतरवेपर्यंत ते एका कुशीला कलंडले होते. फाटकाशी डबे घेऊन बसलेल्या लोकांनीच त्यांना उचलून आत नेलं. आणण्याआधीच संपलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्या सॅकमध्ये बारा किलो बटाटे होते. ते मीच बसमधून घरी आणले, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. आईने ते जिना झाडणाऱ्या बाईला देऊन टाकले. त्या वर्षी त्यांनी मला न्यायचं कबूल केलं होतं. परीक्षा झाली की जाऊ, म्हणाले होते. हे मी तेरा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. मंडळाचे सेक्रेटरी काका माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मग तू जा. यंदा गणपतीत तू बोल. त्यांना याहून मोठी श्रद्धांजली नाही." अस्थी हरिद्वारला गेल्या. त्यातली चिमूटभर राख मी कोणाला न सांगता फोटोच्या रोलच्या काळ्या डबीत भरून ठेवली.

मेमध्ये आईने नेहमीसारखी भाजणी भाजली. न सांगता. एकदाच म्हणाली, "कशाला जातेस?"

"बाबांसाठी."

"बाबांना आता तिथे काय हवंय?" असं म्हणून ती थोडा वेळ कढईतलं धान्य हलवत राहिली. "ये जाऊन. पण ह्यांचे बूट तुला मोठे होतील."

"दोन जोड मोजे घालीन."

तिने ते बूट उचलले, उलटे केले, तळवे बघितले आणि पुन्हा जमिनीवर ठेवले. तिला काही सांगायचं असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

काठगोदामपर्यंत रेल्वे, तिथून दोन दिवस बस आणि दीड दिवस चाल. शेवटच्या गावाच्या वर देवदारांत लाकडी विश्रामगृह होतं. किशनसिंग नावाचा म्हातारा चौकीदार त्याच्या फाटकाशी लाकडं फोडत होता. बाबांच्या गोष्टींत तो असायचा, त्यांचं सामान घेऊन पुढे चालणारा. त्याने आधी माझे बूट बघितले, मग मला. "ये तो साहब के जूते हैं." मी कोण ते सांगितलं, काय झालं ते सांगितलं. तो कुऱ्हाड ठेवून खाली बसला आणि रडायला लागला. त्याची बायको आतून आली, तीही रडली. मला बरं वाटलं. इतक्या दूर माझ्या बाबांसाठी कोणीतरी रडत होतं. मग त्याने चहा ठेवला आणि माझी सॅक उघडताना विचारलं, "मेतकूट लाई हो?" अगदी स्वच्छ उच्चार. त्याच्या बायकोने माझ्यासमोर भाजणी भिजवली, ओल्या फडक्यावर थालीपीठ थापलं आणि मधोमध बोटाने भोक पाडलं, आई पाडते तसं. व्हरांड्यात वेताची एक खुर्ची होती. मी तिच्यावर बसायला गेले तर ती हसत म्हणाली, "साहब की कुर्सी है. बैठो, बैठो, तुम्हारी ही है."

थालीपीठ खाऊन झाल्यावर मी किशनसिंगला म्हणाले, "बाबा जिस रास्ते से चढ़ते थे, मुझे भी उसी से ले चलिए."

"कहाँ चढ़ते थे?"

"रिंगधुरा."

त्याने बायकोकडे बघितलं. "साहब तो यहीं रहते थे, बिटिया. पहले साल गए थे, ग्लेशियर के मुँह तक. वहाँ साँस ऐसी चढ़ी, ऐसे घबराए, कि मैं पीठ पर लादकर लाया. उसके बाद नहीं गए. हर साल कहते थे, इस बार जाऊँगा किशन. सुबह जूते पहनकर फाटक तक जाते थे. फिर लौटकर चाय माँगते थे."

"और फोटो?"

"ऊपर जो पार्टी जाती थी ना, उसको अपना कैमरा दे देते थे. वो लोग उतरते तो यहीं बिठाकर खिलाते-पिलाते, एक-एक बात पूछते, कॉपी में लिखते." तो अगदी प्रेमाने सांगत होता. यात मला लागण्यासारखं काही आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. "बड़े हँसमुख आदमी थे. शाम को गाना गाते थे. हम लोग सारा साल उनकी राह देखते थे."

माझ्या बाबांना गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. हसतानाही मोजून चार-पाच वेळा बघितलं असेल. आईने लूच्या दिवसांत कढईसमोर उभं राहून केलेलं पीठ घेऊन हा माणूस इथे यायचा, या खुर्चीत बसायचा, हसायचा, गायचा आणि उरलेले अकरा महिने आमच्या घरात ताट पुढे सरकवायचा. मला संताप आला. ते घाबरले याचा नाही. भीती कोणालाही वाटते, मलाही वाटते. पण मी आयुष्याचे सगळे रविवार पाठीवर विटा घेऊन तो चढ चढले होते. वीसचे पंचवीस केले होते. मला वाटायचं, मी कुठेतरी कमी पडते म्हणून नेत नाहीत. मी कमी पडत नव्हते. मी चढले असते, म्हणूनच त्यांनी मला नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिंडीच्या बाजूला ढग होते. किशनसिंग म्हणाला, "मौसम ठीक नहीं है. दो दिन रुक जाओ. साहब भी रुकते थे." हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर कदाचित मी थांबले असते. मी बूट करकचून बांधले आणि फाटकाबाहेर पडले. मागून तो कुरकुरत, दोर खांद्यावर टाकून आला. बाबांचा मान राखायला वगैरे मी निघाले नव्हते, आता तसं म्हणण्यात अर्थ नाही. ज्या गोष्टीवर मी बावीस वर्षं विश्वास ठेवला ती निदान एकदा तरी खरी करून टाकायची होती. आणि त्यांना दाखवायचं होतं, मेलेल्या माणसाला. माणूस असा खुळ्यासारखा वागतो.

एक मुक्काम मेंढपाळांच्या दगडी खोपीत झाला. सकाळी वर निघालो तेव्हा ताजा बर्फ गुडघ्याएवढा होता. तो बुटांच्या सैल कडेतून आत जात होता, दोन्ही मोजे भिजले होते. किशनसिंग दोनदा म्हणाला, परत फिरू. मी दहा पावलं टाकून थांबत होते, पुन्हा दहा पावलं, आणि प्रत्येक वेळी आठवत होतं की ही दहा पावलं बाबांनी कोणाला तरी चहा पाजून मिळवली होती. माथ्यावर दगडांची रास होती. लोखंडी दांडा होता, घंटाही होती. मी हात वर करून ती हलवली. नुसताच दांड्यावर घासल्याचा आवाज आला. आत बघितलं तर लोलकच नव्हता. किशनसिंग म्हणाला, "वो तो मेरे बाप के टाइम से नहीं है." एवढं एक मात्र बाबांचं कोणाला विचारायचं राहिलं होतं. मी डबी काढली, झाकण उघडलं. वारा समोरून होता, अर्धी राख माझ्याच बाहीवर आली. "घ्या," मी म्हणाले, "पोचलात एकदाचे." किशनसिंगला मराठी येत नव्हती. त्याला तो मंत्र वाटला असावा, त्याने हात जोडले. मग बाबांच्या कॅमेऱ्याने त्याने माझा फोटो काढला.

विश्रामगृहात येऊन बूट काढले तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं पांढरीफटक होती. दिल्लीला पोचेपर्यंत ती काळी झाली आणि जुलैत डॉक्टरांनी ती काढली. आता मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर पाऊल टाकताना मला कठडा धरावा लागतो आणि मागची माणसं वैतागतात. डाव्या बुटाच्या टोकाला कापूस भरावा लागतो. थंडीत नसलेली बोटं दुखतात, हे ऐकलं की लोकांना गंमत वाटते.

गणपतीत मी काठी टेकत हॉलमध्ये गेले. मी ठरवून गेले होते की खरं सांगायचं. चादर बांधलेली होती, खुर्च्या भरल्या होत्या, बाबांच्या फोटोला हार घातला होता. माझा खिंडीतला फोटो चादरीवर आला तेव्हा टाळ्या वाजल्या. आमच्या घरातलं माणूस त्या स्लाइडमध्ये पहिल्यांदाच दिसत होतं, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. "अगदी वडिलांवर गेली आहे," पुढच्या रांगेतल्या कोणीतरी म्हटलं. मी बोलायला लागले आणि माझ्या तोंडून बाबांचीच वाक्यं यायला लागली, दहा पावलं, पापण्यांवरचा बर्फ. शेवटी सेक्रेटरी काकांनी डोळे पुसत विचारलं, "आणि घंटा? घंटा वाजवलीस ना?" बायकांच्या रांगेत तिसऱ्या खुर्चीवर आई होती. ती मांडीवरच्या पर्सकडे बघत होती. मी हात हवेत वर केला आणि म्हणाले, "वाजवली." मग बाबा काढायचे तसाच आवाज काढला, लांब, विरत जाणारा. पोरंटोरं गप्प झाली.

घरी आल्यावर आईने मला पलंगावर बसवलं आणि ड्रेसिंगचं सामान आणायला गेली. बाबांवरचा माझा राग पुढे काही वर्षांत विरत गेला. घाबरट माणसावर किती दिवस रागवायचं. पण त्या संध्याकाळी जे ऐकलं त्याचा राग आई गेल्यानंतरही गेलेला नाही, आणि आता तो जाईल असं मला वाटत नाही.

"घंटा खरंच आहे का गं तिथे?" तिने आतूनच विचारलं.

"आहे. वाजत नाही."

ती डेटॉलच्या पाण्याची वाटी घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर कसलंच आश्चर्य नव्हतं. तेव्हा मला कळलं.

"तुला माहीत होतं."

"बूट मीच धुवायचे ना. पहिल्या वर्षी जेवढे झिजले तेवढेच. पुढे कधी झिजलेच नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? वर्षातले पंचवीस दिवस ते तिकडे खूश, मी इकडे खूश. कोणाचं काय बिघडत होतं?"

मी माझ्या पायाकडे बघितलं. तिनेही बघितलं. "पण मला का जाऊ दिलंस?" मी विचारलं. "बूट हातात घेऊन बघितलेस. तेव्हा तरी सांगायचंस."

तिने वाटी खाली ठेवली. "तू त्यांची मुलगी. मला वाटलं, तूही जाऊन तिथेच बसशील, आणि येऊन सांगशील, चढले म्हणून." मग तिने माझा पाय मांडीवर घेतला आणि पट्टी सोडायला लागली.